पाळीचं चक्र, ओढ आणि भांडणं: आमच्या दोन वह्या

सांजसावली:

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि कोपऱ्यात एक बारीकशी फुली. ती फुली माझ्या पाळीची. आईसुद्धा अशीच फुली करायची, आणि आम्ही लहानपणी विचारलं की "दुधाचं आहे ते" म्हणून विषय मिटवायची.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर एका रात्री आमचं भांडण झालं. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख नवऱ्याने मला न विचारता ठरवून टाकली होती, आणि नेमकी त्याच आठवड्यात माझ्या ऑफिसात रिटर्न भरायची धावपळ. रजा मलाच टाकावी लागणार होती. मी बोलायला लागले, आवाज चढला, तसा तो म्हणाला, "तुझी डेट जवळ आलीय वाटतं." त्याचा हेतू वाईट नव्हता. पण मी जी गप्प झाले ती दोन दिवस. माझा एक मुद्दा होता, त्याने त्याची तारीख करून टाकली. कॅलेंडर बघितलं तर डेट बारा दिवस लांब होती.

राग उतरल्यावर दुसरी बाजूही मनात यायला लागली. महिन्यात काही दिवस असे येतात की तो ऑफिसातून येऊन शर्ट बदलत असला तरी मी उगाच त्याच्या आसपास घोटाळते. काही दिवस असे की झोपेत त्याचा हात अंगावर पडला तरी नकोसा होतो. माणूस तोच, घर तेच. म्हणजे शरीराचं काहीतरी आहेच. मग यातलं खरं कुठलं आणि लोकांनी आपल्याला चिकटवलेलं कुठलं?

म्हणून आम्ही दोन वह्या केल्या. दोनशे पानी, एक त्याची, एक माझी. रोज झोपायच्या आधी चार रकाने भरायचे: ओढ (० ते ५), चिडचिड (० ते ५), आज भांडण झालं का, आणि आदल्या रात्री झोप किती तास. एकमेकांची वही बघायची नाही. या काळात कॅलेंडरवरची फुलीही मी बंद केली. पाळीची तारीख आणि ओव्ह्युलेशनच्या पट्टीचा निकाल वेगळ्या कागदावर लिहून कपाटात ठेवत होते. ही पट्टी मेडिकलमध्ये मिळते, प्रेग्नन्सी टेस्टसारखीच लघवीवर करायची असते. तिच्यावरची दुसरी रेघ पहिलीइतकी गडद झाली की साधारण पुढच्या दीड दिवसात बीज सुटतं.

दहा महिन्यांनी, एका रविवारी, दोन्ही वह्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या.

ओढीचा रकाना चक्राबरोबर हलतो. दहापैकी सात महिन्यांत माझे ४ आणि ५ हे पट्टी गडद व्हायच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत आणि त्या दिवशी गोळा झालेले दिसले. नंतरचा आठवडाभर आकडा उतरत जातो. शाळेत शिकलेला बीज सुटायचा तो चौदावा दिवस मात्र एकदाच आला. बाकी नऊ महिने तेराव्यापासून अठराव्यापर्यंत कुठेही.

चिडचिड पाळीच्या आदल्या दोन दिवसांत वाढते. रडूही पटकन येतं. हे मी नाकारणार नाही.

आता भांडणं. दहा महिन्यांत एकतीस. त्यातली पाळीच्या आधीच्या आठवड्यातली सहा. आणि सतरा ते वीस तारखेच्या चार दिवसांतली चौदा! मी अकाउंट्सला आहे, वीस तारीख ही जीएसटीच्या मासिक रिटर्नची शेवटची तारीख. त्या रात्रींच्या झोपेचे आकडे पाच, साडेचार, पाच. भांडणाला आमच्या घरात चक्र आहे, पण ते माझ्या पाळीचं नाही.

नवऱ्याच्या वहीत एक गोष्ट निघाली जिची मला कल्पनाही नव्हती. त्याच्या ओढीचा आकडा माझ्या मागे एक दिवसाने चालतो. त्याला माझ्या तारखा माहीत नव्हत्या, त्याला फक्त मी जवळ आलेली कळत होती.

तुमच्याकडे काय आहे? यावर कोणी नीट अभ्यास केलाय का? आणि जोडीदाराला आपल्या तारखा सांगाव्यात, की तसं केल्याने त्याच्या हातात आयतं हत्यार दिल्यासारखं होतं? मनापासून विचारते आहे.


हिरवाचाफा:

"माझा एक मुद्दा होता, त्याने त्याची तारीख करून टाकली." हे वाक्य मी दोनदा वाचलं. गेली नऊ वर्षं मला हेच म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते.

माझ्याकडे उलटं आहे. मला ओढ वाटते ती पाळीच्या आदल्या दिवशी आणि पहिल्या दिवशी. आजवर कोणालाच सांगितलं नाही, आपल्यातच काहीतरी वेगळं आहे असं वाटायचं. अजून कोणाचं असं आहे का?


पाऊलवाट:

चाफा, आहे. माझंही.


आकडेमोड:

मी संख्याशास्त्र शिकवतो आणि या विषयावरचे अभ्यास गेली काही वर्षं आवडीने वाचतो आहे.

सांजसावली, वह्या एकमेकांपासून झाकून ठेवल्यात आणि रोजच्या रोज लिहिलंत, हेच सगळ्यात मोलाचं. महिनाभराने आठवून लिहायला बसलो की आपण जे मानतो तेच आठवतं. पाळीच्या आधी झालेलं भांडण "पाळीमुळे" म्हणून लक्षात राहतं, दहा तारखेचं विसरलं जातं. २०१२ साली रोजच्या नोंदींवर आधारलेले ४७ अभ्यास एकत्र तपासले गेले. फक्त पाळीच्या आधी मन खालावतं, हा सगळ्यांच्या तोंडी असलेला नमुना त्यांतल्या सातांत सापडला. अठरा अभ्यासांत पाळीचा आणि मनःस्थितीचा संबंधच दिसला नाही.

ओढीचं मात्र वेगळं आहे, तिथे हातात काहीतरी लागतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी ६८ बायकांच्या रोजच्या नोंदी आणि लघवीतले हार्मोन्स तपासले. २००४ साली ते छापून आलं. या बायका नसबंदी झालेल्या किंवा गर्भाशयात साधन बसवलेल्या होत्या, म्हणजे मूल हवं किंवा नको हा विचारच मध्ये नव्हता. तरीही ज्या सहा दिवसांत गर्भ राहू शकतो त्या दिवसांत संबंधांचं प्रमाण रक्तस्राव नसलेल्या बाकीच्या दिवसांपेक्षा २४ टक्क्यांनी जास्त निघालं. २०१३ साली कॅलिफोर्नियात जेम्स रोनी आणि झॅकरी सिमन्स यांनी लाळेतले हार्मोन्स रोज मोजले. इस्ट्रोजेन वाढलं की दोनेक दिवसांनी इच्छा वाढलेली, प्रोजेस्टेरॉन चढलं की इच्छा उतरलेली. तुमच्या वहीत आकडा पट्टीच्या आधी चढतो आणि नंतर आठवडाभर उतरतो, ते याच्याशी जुळतं.

पण २४ टक्के म्हणजे किती? आठवड्यातून दोनदा जवळ येणारं जोडपं त्या आठवड्यात अडीच वेळा. बस्स. आणि ही सरासरी आहे. हिरवाचाफा, सरासरी हजार जणींची मिळून होते, त्यात तुमच्यासारख्याही असतात. तुमच्यात काही वेगळं नाही.


वऱ्हाडी_माणूस:

मी अमरावतीकडचा. हे लिहू की नको यात चार दिवस गेले.

तीनेक वर्षांपूर्वी मोबाईलवर एक बातमी वाचली होती. महिन्यातल्या गर्भ राहू शकतो त्या दिवसांत बायकांना नवऱ्यापेक्षा दुसरे, जास्त रांगड्या चेहऱ्याचे पुरुष आवडायला लागतात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे, असं त्यात होतं. मी दिसायला साधा आहे, अंगानेही बारीक. ते डोक्यात बसलं. बायको अंघोळीला गेली की तिच्या मोबाईलमधलं पाळीचं ॲप उघडून मी तारखा बघायचो. त्या दिवसांत ती मैत्रिणीकडे निघाली की दोन-दोन वेळा फोन करायचो. लग्नाकार्यात ती कोणाशी हसून बोलली की घरी आल्यावर माझं तोंड वाकडं. तिला कारण कळायचं नाही. वर्षभराने कळलं, ॲप उघडं राहिलं होतं म्हणून. ती काही बोलली नाही, बॅग भरली आणि माहेरी गेली. तीन आठवड्यांनी आली. आता घरी आहे, पण मोबाईल अंघोळीला जाताना सोबत नेते.

त्या बातमीत खरं किती होतं, हे आकडेमोड साहेब सांगू शकाल का? चूक माझी होतीच. तरी मला समजून घ्यायचं आहे.


आकडेमोड:

दादा, लिहिलंत ते बरं केलंत. सविस्तर सांगतो, कारण त्या बातम्यांनी बऱ्याच घरांत असा त्रास झाला असणार.

सुरुवात १९९८-९९ च्या सुमाराची. पुरुषांनी रात्री घातलेले टी-शर्ट बायकांना हुंगायला दिले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आणि निष्कर्ष काढला की गर्भ राहू शकतो त्या दिवसांत आवड बदलते. चेहऱ्यांचा अभ्यास 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला, त्यामुळे गाजला. पुढे २००७ साली न्यू मेक्सिकोतल्या क्लबमधल्या १८ नर्तिकांच्या बक्षिसीचा हिशोब आला, तो तर जगभर छापला गेला. अठरा जणी! माझ्या वर्गात यापेक्षा जास्त मुलं असतात. अशा बऱ्याच अभ्यासांत कोणता दिवस कुठला हे बायकांच्या आठवणीवरून मोजलेलं होतं, आणि आकड्यांशी खेळायला मोकळीक होती. २०१४ साली आधीचे अभ्यास एकत्र करून दोन गटांनी हिशोब मांडला. एक म्हणाला परिणाम आहे, दुसरा म्हणाला नाही.

मग मोठे अभ्यास झाले. २०१८ साली ग्लासगोच्या गटाने ५८४ बायकांचे हार्मोन्स लाळेतून पुन्हा पुन्हा मोजले आणि चेहऱ्यांची पसंती तपासली. मर्दानी चेहऱ्यांची आवड हार्मोन्सबरोबर बदलते याला भक्कम पुरावा मिळाला नाही. तुम्ही वाचलेल्या बातमीचा पायाच तिथे निखळतो.

२०२१ साली जर्मनीतून रुबेन आर्सलान आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. १०४३ बायका, २६,००० च्या वर रोजनिश्या. काय तपासायचं ते त्यांनी आधीच जाहीर करून ठेवलं होतं, म्हणजे नंतर सोयीचा आकडा उचलायला वाव नाही. गोळ्या घेणाऱ्या बायकांना रक्तस्राव होतो पण बीज सुटत नाही, म्हणून तुलनेसाठी त्यांचा गट वेगळा धरला. जे निघालं ते जसंच्या तसं सांगतो. गर्भ राहू शकतो त्या दिवसांत इच्छा वाढते. जोडीदाराबद्दलची वाढते आणि इतरांबद्दलचे विचारही वाढतात. आपण छान दिसतो आहोत असंही वाटतं. पण नवरा देखणा नसेल तर बायको बाहेर बघते, हे जे सांगितलं जात होतं, त्याला आधार मिळाला नाही. जोडीदार कसा दिसतो यावरून काही फरक पडला नाही. तुम्ही साधे दिसता म्हणून तुमच्या घरात काही वेगळं घडत होतं, असं शास्त्र म्हणत नाही.

मी याचा अर्थ असा लावतो की दिव्याची वात थोडी मोठी होते, उजेड सगळीकडेच पडतो. मनात विचार येणं आणि तसं वागणं यात किती अंतर असतं हे आपण पुरुषांनी तरी समजून घ्यायला हरकत नाही, आपल्याला तर ते रोज माहीत असतं.


सांजसावली:

वऱ्हाडी दादा, ती परत आली आहे. आता तरी तिच्याशी बोला. ॲप बघितल्याबद्दल माफी मागितलीत, की फक्त बघणं थांबवलंत?


मोरपीस:

धाग्याच्या जरा कडेचं लिहिते. इथे सगळे म्हणताहेत त्या दिवसांत ओढ वाढते. आमची त्याच दिवसांनी संपवली.

तीन वर्षं बाळासाठी प्रयत्न चालू होते. पाळीच्या नवव्या दिवसापासून एकाआड एक दिवस फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे बीज किती वाढलंय ते सोनोग्राफीत बघणं. सोनोग्राफीच्या बाहेरच्या बाकावर आम्ही सात-आठ जणी बसलेल्या, कोणी कोणाशी बोलत नाही, सगळ्यांच्या हातात त्याच फाइली. नाव पुकारलं की आत. "लघवीला जाऊन आलात ना?" पडद्यावर काळा गोल. "उजवीकडे सतरा. परवा या." मग अठरा, एकोणीस, बीज सुटण्यासाठी ट्रिगरचं इंजेक्शन, आणि कागदावर पेनाने लिहिलेलं, "आज आणि उद्या."

नवरा चाकणला शिफ्टमध्ये. त्या आज आणि उद्यासाठी तो नाइट बदलून घ्यायचा, सुपरवायझरला दर महिन्याला नवीन कारण. घरी आला की आम्ही दोघंही घड्याळाकडे बघायचो. एकदा त्याला जमलं नाही. तो बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा होता. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "मी मशीन नाहीये गं." आणि मी त्याला जवळ घ्यायचं सोडून म्हणाले, "इंजेक्शन फुकट गेलं." हे वाक्य मला आजही झोपू देत नाही.

मुलगी आता दोन वर्षांची आहे. उपचारांनीच झाली, आणि त्या उपचारांबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही. पण अजूनही बारावा-तेरावा दिवस आला की आम्ही दोघं नकळत एकमेकांपासून लांब झोपतो. हार्मोन्स काय सांगत असतील ते असोत, आमच्या अंगाला ते दिवस परीक्षेचे म्हणून पाठ झालेत.


स्त्रीरोग_ओपीडी:

मोरपीस, तुमच्यासारखी जोडपी मी आठवड्याला बघते. आम्ही डॉक्टर "आज आणि उद्या" लिहून देतो तेव्हा त्या तीन शब्दांचं घरी जाऊन काय होतं हे आम्हाला कोणी शिकवलेलं नसतं. मी स्वतः आता वेगळ्या पद्धतीने सांगते. १९९५ साली २२१ बायकांच्या अभ्यासातून हे स्पष्ट झालं की गर्भ राहतो तो बीज सुटायचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, या सहा दिवसांतल्या संबंधांतून. बीज दिवसभरच टिकतं, पण शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत तग धरतात. त्यामुळे ज्यांना इंजेक्शनचे उपचार चालू नाहीत त्यांना मी म्हणते, पाळी संपल्यावर दोन-तीन दिवसांआड जवळ या आणि तारीख विसरा. ट्रिगर दिलेलं असलं तरी त्या दिवसाला वाटतं तितकी धार नसते.

सांजसावली यांचं तेरा ते अठरा वाचून मला बरं वाटलं, कारण "चौदावा दिवस" पाठ करून बसलेल्या मुली फार भेटतात. २००० सालच्या एका अभ्यासात गर्भ राहण्याचे सगळे दिवस दहा ते सतरा यांच्या आत बसलेल्या बायका शंभरात तीसच निघाल्या. नेमाने पाळी येणाऱ्यांचंही हेच. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा त्रास) असेल, बाळ अंगावर पीत असेल, चाळिशी उलटली असेल तर अंदाजच करू नये. "सेफ पिरियड"वर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे वाचावं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि म्हैसूरकडच्या रामनगरमला दिवस मोजण्यासाठी बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या होत्या. तो प्रयोग टिकला नाही.

अजून एक, आणि हे महत्त्वाचं. "दोन दिवस चिडचिड" आणि पीएमडीडी, म्हणजे पाळीच्या आधी मन पार ढासळण्याचा आजार, यांत फरक आहे. शंभरात साधारण तीन ते आठ जणींना पाळीच्या आधीचा आठवडा असा जातो की नोकरी सोडावीशी वाटते, नवऱ्याला सोडावंसं वाटतं, काहींना जगणंच नको होतं. पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत आभाळ मोकळं. १९९८ साली एक सुंदर प्रयोग झाला. अशा बायकांचे हार्मोन्स औषधाने बंद केले, बऱ्याच जणींना आराम पडला. मग इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं, त्रास परत आला. तेच औषध आणि तेच हार्मोन्स त्रास नसलेल्या बायकांना दिले, त्यांना काही झालं नाही. हार्मोन्स सारखेच, मेंदूची संवेदनशीलता वेगळी. स्वभावाचा दोष नाही, नाटक तर मुळीच नाही. यावर औषध आहे, कधी कधी ते महिन्यातले पंधरा दिवसच घ्यावं लागतं. दोन महिन्यांच्या रोजच्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा. जीव द्यावासा वाटत असेल तर नोंदींसाठी थांबू नका, त्याच दिवशी जा.


रोखठोक_बाई:

माझा या सगळ्यालाच थोडा विरोध आहे. अभ्यास खरे असतील, वह्या खऱ्या असतील. पण बाहेर जाऊन त्याचं काय होतं? २०१२ साली अमेरिकेच्या निवडणुकीआधी सीएनएनने बातमी दिली होती की बायकांचं मत कोणाला जाणार हे पाळीच्या दिवसावरून बदलतं. इतका गदारोळ झाला की त्यांनी ती त्याच दिवशी काढून टाकली. आमच्या ऑफिसात बायकांच्या आवाजातल्या प्रत्येक चढउताराला "हार्मोन्स" म्हणणारे आहेतच. त्यांच्या हातात आपण अजून का द्यायचं?

आणि पुरुषांची वही कोण ठेवतं? त्यांचं टेस्टोस्टेरॉन सकाळी चढतं, संध्याकाळी उतरतं. २०११ साली फिलिपाइन्समधल्या सेबूच्या ६२४ तरुणांचा अभ्यास आला होता. लग्न होऊन मूल झालेल्यांचं सकाळचं टेस्टोस्टेरॉन साडेचार वर्षांत साधारण २६ टक्क्यांनी उतरलेलं. बापाच्या वागण्याला कोणी "त्याचे हार्मोन्स उतरलेत" म्हणतं का?


सांजसावली:

रोखठोक ताई, तुमची भीती मला पटते, म्हणूनच तो हत्याराचा प्रश्न विचारला होता. पण मी गप्प राहिले असते तर "डेट जवळ आलीय वाटतं" हे वाक्य आमच्या घरात खरं म्हणूनच चालू राहिलं असतं. एकतीसपैकी सहा हा आकडा दाखवल्यावर ते थांबलं. त्याने स्वतः मोजले, दोनदा.


आजीची_गोधडी:

माझं वय ७४. नातीने हा धागा दाखवला. सातारा जिल्ह्यातल्या गावात माझं १९७१ साली लग्न झालं. तेव्हा तीन दिवस बाहेर बसायचं. कावळा शिवला म्हणायचे. पडवीत घोंगडी, ताट-तांब्या वेगळा, मुलांनीसुद्धा शिवायचं नाही. थंडीतले ते दिवस मी विसरलेले नाही, त्यात विश्रांती मिळायची असं जे आता सांगतात ते ज्यांनी भोगलं नाही ते सांगतात. शेण गोळा करायला आणि शेतावर जायला कोणाला विटाळ आडवा येत नव्हता.

पण मला एक विचारायचं आहे. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात घेतलं की त्यानंतरच्या आठवड्यात यांची आणि माझी ओढ जास्त असायची, हे खरं. जुन्या ग्रंथांतही ऋतुकाल, म्हणजे गर्भ राहण्याचा काळ, सोळा रात्रींचा सांगितलाय आणि पहिल्या चार वर्ज्य. चार दिवस माणूस लांब राहिलं की जवळ यावंसं वाटणारच. मग ते बीजामुळे की विरहामुळे, हे तुम्ही कसं ओळखता?


आकडेमोड:

आजी, हा प्रश्न नेमका आहे, अभ्यास करणाऱ्यांनाही तो सोडवावा लागला. दोन उपाय केले गेले. एक, रक्तस्रावाचे दिवस हिशोबातून काढून बाकीच्या दिवसांचीच आपापसांत तुलना करायची. दुसरा, मघाशी सांगितला तो गोळ्या घेणाऱ्यांचा गट. त्यांच्याकडेही दर महिन्याला रक्तस्राव आणि त्या दिवसांतला दुरावा असतो, पण बीज सुटत नाही. विरहच कारण असता तर त्यांच्यातही तितकाच चढ दिसला असता. तसा तो दिसला नाही. तरी तुमच्या काळात चार दिवस सक्तीने लांब ठेवल्यावर विरहाचा वाटा मोठा असणार, ते मला पूर्ण पटतं.


आजीची_गोधडी:

बरं. हे गेल्याला अकरा वर्षं झाली. त्यांना हे वाचायला आवडलं असतं.


दूरदेशी:

मी टोरांटोला असते, माझी जोडीदार बाई आहे. या विषयावरचं जवळजवळ सगळं नवरा-बायको धरूनच लिहिलेलं असतं, म्हणून दोन ओळी. आमच्या घरात एकाच वेळी दोन चक्रं चालू. पहिली दोन वर्षं आम्हाला वाटायचं की एकत्र राहून आमच्या पाळ्या जुळल्या आहेत, ते आम्हाला फार गोड वाटायचं. मग ॲपमधून दोघींच्या तारखा काढून बघितल्या, तर काही महिने जवळ येतात आणि परत लांब जातात, दोन वेगळ्या वेगाच्या घड्याळांसारख्या. १९७१ साली मार्था मॅकक्लिंटॉक यांनी अमेरिकेतल्या हॉस्टेलच्या १३५ मुलींवरून पाळ्या जुळतात असं मांडलं होतं, २००६ साली चीनमधल्या १८६ जणींच्या नोंदींत ते टिकलं नाही.

तिची ओढ आणि माझी ओढ एका आठवड्यात आली तर तो महिना वेगळाच असतो. नाही आली, तर जिला नको असतं ती सरळ सांगते, "माझे मावळतीचे दिवस आहेत." हा शब्द तिचा. तारीख माहीत असल्यामुळे नकार अंगाला लागत नाही. सांजसावली, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं हे उत्तर. सांगावं, पण ज्याची तारीख त्यानेच सांगावं. दुसऱ्याने ती काढून दाखवू नये.


हिरवाचाफा:

मावळतीचे दिवस. हा शब्द मी घेतला.


मोरपीस:

डॉक्टरांचं वाचून मी नवऱ्याला ते वाक्य आठवतं का विचारलं, इंजेक्शन फुकट गेल्याचं. तो म्हणाला, आठवतं, पण त्यानंतर तू माझ्यासाठी नळ बंद करून टॉवेल आणून दिलास तेही आठवतं. मला ते अजिबात आठवत नव्हतं.


वऱ्हाडी_माणूस:

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय.

सांजसावली ताईंनी विचारलं होतं, माफी मागितली का. नव्हती मागितली. बघणं थांबवलं होतं, तेवढ्यावर भागलं असं मीच धरून चाललो होतो. धागा तिला वाचायला दिला, माझी पोस्टसुद्धा. ती रात्री उशिरापर्यंत वाचत होती. सकाळी म्हणाली, "बारीक आहेस ते मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं." मग मी माफी मागितली. तिने "बरं" म्हटलं, त्यापुढे काही नाही.

मागच्या आठवड्यात तिनेच दोन वह्या आणल्या. मला वाटलं ती पहिल्यांदा पाळीची तारीख लिहील. तिने पट्टी घेऊन रकाने आखले. ओढ, चिडचिड, भांडण, झोप, सगळं सांजसावली ताईंसारखंच. आणि एक स्वतःचा घातला. "आज किती वेळा फोन केला." तो माझ्या वहीत आहे, भरायचा मी.

पहिल्या आठवड्यात दोन, एक, एक, शून्य, एक, शून्य, शून्य.